भिंत आधी कोरडी, मग उबदार : कोल्हापूरच्या घराला इन्सुलेशनचा गिलावा

फुलेवाडीच्या पुढं, गगनबावडा रस्त्याच्या अंगाला आमचं घर आहे. नऊ इंची विटांच्या भिंती, वर स्लॅब, पश्चिमेला उसाची शेतं. आईची खोली वायव्य कोपऱ्यातली, म्हणजे तिच्या दोन भिंती बाहेरच्या. डिसेंबर-जानेवारीत ती कॉट भिंतीपासून हातभर पुढं ओढून झोपायची. खिडक्या बंद, अंगावर दोन वाकळा, तरी पहाटे पाचला भिंतीकडचा खांदा दुखायचा. भिंतीला तळहात टेकवला की कळायचं, गारठा त्या भिंतीतूनच येत होता.

"कोल्हापुरात कसली आलीय थंडी?" असं बाहेरगावचे पाहुणे म्हणतात. शहर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर आहे. हिवाळ्यात रात्रीचा पारा सरासरी १४-१५ अंशांपर्यंत उतरतो, काही रात्री त्याहूनही खाली. तरण्या माणसाला याचं काही वाटत नाही. पण म्हातारी माणसं, बाळंतीण, तान्हं मूल यांना गार भिंतीशेजारी रात्र काढणं जड जातं. पन्हाळ्यावर, साडेनऊशे मीटरच्या वर, वारा आणि गारठा दोन्ही अधिक. राधानगरी, गगनबावडा भागात त्यात चार महिन्यांच्या पावसाची भर.

दुकानात ज्याला 'थर्मल प्लास्टर' म्हणतात, त्या इन्सुलेशनच्या, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या गिलाव्याचं काम मी आमच्या घरी, भिंतींना बाहेरून, दोनदा केलं. पहिल्यांदा चुकलं, दुसऱ्यांदा जमलं. ज्यांनी याचं नावही ऐकलेलं नाही, त्यांनी कुठून सुरुवात करायची ते इथे सांगतो.

हा गिलावा वेगळा कशानं?

ऊब धरून ठेवते ती अडकलेली, न हलणारी हवा. वाकळेत जुन्या लुगड्यांचे थर असतात आणि थराथरांत हवा अडकते, म्हणून ती उबदार. या गिलाव्यात वाळूच्या जागी हवा भरलेले दाणे असतात : पर्लाईट, व्हर्मिक्युलाईट किंवा थर्माकोलचे मणी. पर्लाईट म्हणजे ज्वालामुखीतून आलेली नैसर्गिक काच. तिच्यात थोडं पाणी अडकलेलं असतं. साडेआठशे-नऊशे अंशांना तापवली की त्या पाण्याची वाफ होते आणि खडा मूळच्या चौपट ते वीसपट फुगतो, भट्टीवर चुरमुरा फुलतो तसा. व्हर्मिक्युलाईट अभ्रकासारखं पदरी असतं. तापल्यावर त्याचे पदर सुटून ते फुगतं.

कुठला पदार्थ उष्णता किती वाहून नेतो याचा एक आकडा असतो. पाकिटावर तो 'थर्मल कंडक्टिव्हिटी' या नावानं छापलेला असतो. जितका लहान, तितका चांगला. साध्या सिमेंट-वाळूच्या गिलाव्याचा हा आकडा ०.७ च्या आसपास, पर्लाईटच्या गिलाव्याचा साधारण ०.१ ते ०.२, थर्माकोल मण्यांच्या तयार मिश्रणाचा ०.०६ ते ०.१. युरोपियन मानकात याचे दोन वर्ग आहेत : टी-१ म्हणजे ०.१ पर्यंत, टी-२ म्हणजे ०.२ पर्यंत. पाकिटावर हा आकडा नसेल, तर तो माल घेऊ नका. 'कूल', 'थर्मो' अशी नुसती नावं छापलेली पुष्कळ पोती बाजारात मिळतात.

आता याचा उपयोग किती, तेही आधीच सांगतो, म्हणजे पुढं निराशा होणार नाही. नऊ इंची विटांची, दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली भिंत घ्या. आत-बाहेर १ अंशाचा फरक असेल, तर तिच्या दर चौरस मीटरमधून साधारण २ वॅट उष्णता बाहेर जाते. त्यावर ०.०८ आकड्याचा ४० मिलिमीटर गिलावा चढवला की हे प्रमाण १ वॅटवर येतं, म्हणजे निम्मं. खोलीत २० अंश आणि बाहेर १३ अंश असताना उघड्या भिंतीचा आतला पृष्ठभाग १८ च्या आसपास असतो, गिलाव्यानंतर तो १९ वर येतो. एक अंश ऐकायला काहीच नाही. पण भिंतीला लागून झोपणाऱ्या माणसाला तो कळतो, आणि मार्च ते मे या महिन्यांत हीच भिंत दुपारची झळही तेवढीच अडवते. आमच्याकडे उन्हाळ्यातला फायदा हिवाळ्यापेक्षा जास्त जाणवला.

गिलावा स्वतः उष्णता तयार करत नाही. खोलीत जी आहे, ती हळू जाऊ देतो, इतकंच. त्यामुळे हिवाळ्यात दुपारी दक्षिणेची खिडकी उघडून ऊन आत घ्यायचं आणि साडेचार-पाचला ती बंद करायची, ही सवय गिलाव्यानंतरही ठेवावी लागते. आणि बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून कधीही झोपू नका. कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, झोपेतच जीव जातो. घरातल्या फटी बुजवून घर घट्ट केल्यावर तर हा धोका वाढतो.

पैसे कुठं घालायचे ते आधी ठरवा

पहिला मान छताचा. उघड्या स्लॅबमधून चौरस मीटरमागे जाणारी उष्णता नऊ इंची भिंतीपेक्षा कितीतरी जास्त असते. रात्री निरभ्र आकाशाखाली स्लॅब गार पडतो, उन्हाळ्यात तोच तापतो. वरच्या मजल्यावर राहत असाल आणि छताला काहीच केलेलं नसेल, तर भिंतीच्या आधी गच्चीवर खर्च करा. केंद्र सरकारच्या २०१८ च्या इको निवास संहितेत छतासाठी याच मापात (दर चौरस मीटरला, १ अंशाच्या फरकाला) कमाल १.२ वॅटची मर्यादा घातली आहे. नुसता स्लॅब तिच्या जवळपासही जात नाही.

दुसरा नंबर फटींचा. दाराखालची बोटभर फट, बंद न होणारी झडप, जुन्या खिडकीची निखळलेली काच. हे काम एका रविवारात होतं.

मग भिंती. सगळ्या भिंतींना गिलावा हवाच असं नाही. कोल्हापूर जवळजवळ १६.७ अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून ५० अंशांपर्यंतच चढतो, म्हणजे दक्षिणेच्या भिंतीवर चांगलं ऊन पडतं. ती दिवसभर तापते आणि रात्री ऊब देते. तिच्यावर इन्सुलेशन घातलं तर ही फुकटची ऊबही अडते. म्हणून पैसे मोजके असतील तर दक्षिणेची भिंत सोडा. आधी पश्चिम, मग उत्तर. पश्चिमेच्या भिंतीवर पावसाळ्यातली सरळ झड आणि उन्हाळ्यातलं तिसऱ्या प्रहरचं ऊन दोन्ही येतात. उत्तरेला हिवाळ्यात ऊन लागतच नाही. शिवाजी पेठेत, मंगळवार पेठेत ज्यांच्या भिंती शेजाऱ्याच्या भिंतीला चिकटलेल्या आहेत, त्यांना त्या बाजूला काहीच करायची गरज नाही. शेजारचं घर हेच तिकडचं इन्सुलेशन. पण गल्लीच्या बाजूला दीड इंच जाडी वाढली की ती हद्दीबाहेर जाते का, हे आधी टेप लावून बघा. नंतर वाद नको.

ओल : इथं मी चुकलो

पहिल्या वर्षी मी एका ठेकेदाराला काम दिलं. त्यानं भिंत वरवर घासली, मिश्रण थापलं आणि आठवड्यात रंग देऊन मोकळा झाला. पहिल्याच पावसाळ्यात खालच्या तीन फुटांत पोपडे आले, लोणा (भिंतीतला पांढरा क्षार) फुटला आणि हिवाळ्यात ती भिंत आधीपेक्षा गार लागायला लागली. कारण उघड होतं, पण मला ते नंतर कळलं. पाणी न हलणाऱ्या हवेपेक्षा वीसपटीहून जास्त उष्णता वाहून नेतं. दाण्यांमधल्या हवेची जागा पाण्यानं घेतली की तो गिलावा इन्सुलेशन राहतच नाही, ओला स्पंज होतो. शहरात वर्षाला साधारण हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पश्चिमेकडे सरकाल तसा कैकपटींनी अधिक. इथल्या घराला ऊब हवी असेल तर पाण्याचा बंदोबस्त आधी.

ओल कुठून येते ते असं शोधा. दोन फूट बाय दोन फूट प्लॅस्टिकचा कागद भिंतीला आतून चारही कडांना चिकटपट्टीनं घट्ट लावा आणि दोन दिवस ठेवा. कागदाच्या मागं, भिंतीकडच्या बाजूला थेंब आले, तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडच्या बाजूला आले, तर खोलीतल्या दमट हवेतली वाफ गार पृष्ठभागावर पाणी होऊन बसतेय. पहिल्यात गिलावा लावण्याआधी गळती थांबवायची. दुसऱ्यात गिलावा स्वतःच मदत करतो, जोडीला स्वयंपाकघरात आणि न्हाणीत हवा जायला वाट ठेवावी लागते.

गळतीच्या जागा सहसा ठरलेल्या असतात : गच्चीच्या कोब्याची आणि पॅरापेटची (कठड्याची) सांध, छज्जाची मुळं, न्हाणीतला जुना पाईप, आणि जोत्याला लागून साचणारं अंगणातलं पाणी. जमिनीतून चढणारी ओल साधारण तीन-चार फुटांपर्यंत येते. आमच्याकडे तीच होती. अंगणाचा उतार घराकडे होता. तो फिरवला, जोत्याशी दीड फूट रुंद फरशीची पट्टी बाहेरच्या उतारात घातली, आणि भिंतीचा जुना गिलावा चार फूट उंचीपर्यंत काढून ती एक अख्खा उन्हाळा उघडी वाळू दिली. शेजारीपाजारी विचारायचे, काम अर्धवट का पडलंय म्हणून. तो उन्हाळाभर ठेवलेला उघडेपणाच शेवटी कामाला आला.

ज्या भागात पुराचं पाणी चढतं, तिथला नियम वेगळा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारापातळी ३९ फूट आणि धोकापातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं. दुधाळी, शाहूपुरी कुंभार गल्ली, शुक्रवार पेठ, चिखली-आंबेवाडीकडच्या घरांत भिंतीवर पाण्याची रेघ अजून दिसते. त्या रेघेच्या खाली दाणेदार गिलावा लावू नका. तो पाणी पितो आणि वाळायला महिने घेतो. खाली चुन्याचा किंवा साधा गिलावा ठेवा, इन्सुलेशन रेघेच्या वर सुरू करा.

तुमची भिंत कशाची आहे?

विटांची किंवा सिमेंटच्या ठोकळ्यांची असेल तर काम सोपं. जांभ्याची असेल, तर दगड सच्छिद्र असतो, आधी नीट वाळवून मग पुढं जायचं.

पांढऱ्या मातीच्या जुन्या भिंतींचं मात्र मनापासून सांगतो. पेठांमधल्या आणि खेड्यांतल्या जुन्या घरांच्या दीड-दोन फुटी मातीच्या भिंती मुळातच ऊब जपतात. दिवसाची उष्णता त्यांच्यातून आत यायला इतका वेळ लागतो की ती रात्रीच पोचते. त्यांच्यावर सिमेंटचा कुठलाही गिलावा, इन्सुलेशनचा असला तरी, चढवू नका. माती ओल आत घेते आणि बाहेर सोडते. सिमेंट ती वाट बंद करतं, मग आतली माती भुसभुशीत होऊन भिंत पोटातून सुटते. अशा घरांना माती, तूस, शेण यांचा जुना गिलावा किंवा चुन्याचा गिलावा योग्य. चुन्यात पर्लाईट मिसळूनही काम होतं. पण ज्या गवंड्यानं चुना हाताळलेला आहे, त्यालाच ते द्या.

माल कोणता, किती?

थर्माकोल मण्यांचं मिश्रण सर्वांत कमी उष्णता वाहतं. मात्र थर्माकोल ८०-१०० अंशांच्या दरम्यान मऊ पडायला लागतो आणि जळतो. सिमेंटमध्ये गुंडाळलेला असल्यानं भिंतीवर तितकासा धोका नसला, तरी स्वयंपाकघरात चुलीमागं किंवा बंबाजवळ तो नको. तिथं पर्लाईट किंवा व्हर्मिक्युलाईट. ही दोन्ही खनिजं आहेत, जळत नाहीत.

तयार मिश्रण महाग पडतं म्हणून जागेवर सिमेंट आणि पर्लाईट एकास चार ते पाच मापानं कालवणारेही आहेत. जमतं, पण प्रत्येक घमेल्यात प्रमाण सारखं राहत नाही. पहिल्यांदाच करत असाल तर तयार मिश्रणच घ्या.

हिशेब किलोवर करू नका, लिटरवर करा. १०० चौरस फूट भिंत, ४० मिलिमीटर जाडी म्हणजे सुमारे ३७० लिटर ओला माल. साध्या गिलाव्याचं तेवढं आकारमान सातशे किलोंच्या पुढे भरतं, हलक्या गिलाव्याचं साधारण दीडशे. दुकानदार किलोचा भाव सांगतो आणि तो ऐकून माणूस घाबरतो. त्याला एकच विचारा : एका पोत्यात भिंतीवर किती लिटर माल बसतो? मग चौरस फुटाचा खर्च खरा निघतो. सांडलवंडीसाठी दहा टक्के जास्त धरा.

याशिवाय हवी काचतंतूची जाळी. सिमेंटनं खराब न होणारी, 'अल्कली रेझिस्टंट' छापलेली, दर चौरस मीटरला १४५ ते १६० ग्रॅमची. कोपऱ्यांच्या जाळीदार पट्ट्या, जाळीसाठी चिकट मसाला आणि वरचा पातळ स्टको (शेवटचा सफाईचा थर) किंवा श्वास घेणारा रंग.

काम कधी काढायचं?

दिवाळी झाली की. नोव्हेंबर ते फेब्रुवारीची कोरडी हवा या कामाला उत्तम. जून ते सप्टेंबर तर प्रश्नच नाही. एप्रिल-मेमध्ये भिंत इतकी तापते की माल आत मुरायच्या आधीच वरून सुकतो आणि केसाएवढ्या भेगा पडतात. तेव्हाच करावं लागलं, तर सकाळी लवकर, सावलीची बाजू धरून, भिंतीवर गोणपाट किंवा हिरवी जाळी टांगून.

प्रत्यक्ष काम

जुनी भिंत लाकडी दांड्यानं ठोकत जा. जिथं पोकळ आवाज येईल तिथला गिलावा काढायचाच. तेलरंग, डिस्टेंपर खरवडून काढा. विटांमधल्या दरजा (सांधे) अर्धा इंच उकरा. तारेच्या ब्रशनं घासून धूळ झाडा, लोणा असेल तो कोरडाच झाडायचा, त्यावर पाणी मारलं तर तो परत आत जातो. जुना गिलावा घट्ट असेल आणि तो ठेवायचा असेल, तर छिन्नीनं जवळजवळ खाचा पाडा. वीट आणि काँक्रीटचा बीम जिथं भेटतात, तिथं एक फूट रुंद जाळी ठोका. तिथंच भेग पडते.

मग भिंत भिजवा आणि जाड वाळू-सिमेंटचा पातळ माल थापीनं फेकून खडबडीत थर द्या. हा थर सारखा करायचा नाही, नुसता फेकायचा. त्याच्या खडबडीतपणावर पुढचा सगळा गिलावा टेकतो. तो निदान एक दिवस वाळू द्या.

ओळंबा धरून जाडीचे ठोकळे बसवा, मालाचेच, चार-पाच फुटांच्या अंतरानं. जुनी भिंत कुठं पोटात, कुठं पाठीत असते. ठिकठिकाणी सूत ताणून बघा. सर्वांत कमी जाडी जिथं येईल तिथं ती ठरलेल्या ४० मिलिमीटरखाली जाऊ देऊ नका.

कालवणं हा या कामातला नाजूक भाग. पाकिटावर दिलेल्या मापानं पाणी आधी, मग मिश्रण. दोन-तीन मिनिटांत माल एकजीव होतो. त्यापुढं घुसळत राहिलं की दाणे चुरडतात, हवा निघून जाते आणि माल जड होतो. वरून वाळू तर अजिबात टाकू द्यायची नाही. आमच्या गवंड्याला माल फार हलका वाटत होता, त्यानं न विचारता दोन पाट्या वाळू घातली होती. मी तो घाणा बाजूला काढून अंगणाच्या फरशीखाली वापरला.

पहिला थर १५ ते २० मिलिमीटरचा. दुसऱ्या दिवशी, पहिला बोटानं दबत नाही इतका घट्ट झाल्यावर, दुसरा. साध्या गिलाव्याला गवंडी थापीनं दाबून दाबून घोटतात, ती त्यांची वर्षानुवर्षांची सवय. इथं ती आवरायला सांगावं लागतं. माल भिंतीला चिकटेल इतका दाब द्यायचा, मग ॲल्युमिनियमच्या पट्टीनं सारखा करायचा आणि हात काढून घ्यायचा. घोटाल तितकी हवा जाईल. आमच्या मिस्त्रींना पहिल्या दिवशी हे पटलं नाही. "दाबल्याबिगर गिलावा धरतोय व्हय?" त्यांना एक फूटभर तुकडा दाबून आणि एक न दाबता करायला सांगितलं. वाळल्यावर दोन्ही हातात घेऊन त्यांनी स्वतःच वजनातला फरक बघितला. मग पुढचं सगळं काम त्यांनी अगदी हलक्या हातानं आणि सुरेख केलं.

पाणी मारायचं ते फवाऱ्यानं, दिवसातून तीन-चार वेळा, पाच ते सात दिवस. रबरी पाईपनं धार सोडली तर दाणे उघडे पडतात आणि गिलावा पाणी पिऊन बसतो.

वाळण्याचा अंदाज : दर मिलिमीटरला एक दिवस. ४० मिलिमीटरला चाळीस दिवस. कोरड्या हवेत थोडे कमी लागतील, पण घाई इथंच होते. पहिल्या वेळी आठवड्यात रंग दिला होता, तेव्हा आतलं पाणी आतच कोंडलं.

वाळल्यावर चार-पाच मिलिमीटरचा चिकट मसाला ओढा, तो ओला असतानाच जाळी वरून दाबा आणि तिच्यावर पुन्हा मसाला फिरवा. जाळी मधोमध बुडाली पाहिजे, भिंतीला टेकायला नको आणि वर दिसायलाही नको. एका पट्टीवर दुसरी चार इंच चढवा. खिडकी-दाराच्या प्रत्येक कोपऱ्याला जाळीचा एक तिरका तुकडा आधीच लावून घ्या. भेग नेहमी त्या कोपऱ्यातून तिरकी निघते. हलका गिलावा कमजोर असतो, नखानंही उकरला जातो. त्याला टणकपणा या जाळीच्या थरानं येतो, म्हणून हा थर वाचवायचा नाही.

शेवटी स्टको किंवा चुन्याचा, सिलिकेटचा, सिलिकॉनचा असा रंग, जो पावसाचं पाणी अडवतो पण आतली वाफ बाहेर जाऊ देतो. प्लॅस्टिकसारखा जाड थर देणारे रंग टाळा. छटा फिकी घ्या. गडद रंग उन्हात फार तापतो आणि पातळ थराला तडे जातात.

कडा आणि कोपरे

चांगलं काम बिघडतं ते इथं. भिंत दीड इंच जाड झाली की खिडकीखालचा दगड तितकाच आत जातो आणि पाणी भिंतीवरून ओघळतं. आधीच तो बदला किंवा पुढं वाढवा. भिंतीच्या तोंडापुढं दीड-दोन इंच बाहेर, खालून पाणी तुटायला खाच असलेला. छज्जाचंही तेच बघा. खिडकीच्या आतल्या काठालाही १५-२० मिलिमीटर गिलावा वळवा, नाहीतर तिथूनच गारवा आत शिरतो.

गिलावा जमिनीला टेकवू नका. जोत्यावर, जमिनीपासून निदान नऊ इंच वर थांबवा आणि खालच्या कडेला पाणी तिथंच तुटून खाली पडेल अशी पट्टी लावा. मीटरची पेटी, नळाचे क्लॅम्प, केबल, कपडे वाळवायच्या दोरीचे हूक, सगळं काम सुरू होण्याआधी पुढं काढून घ्या. नंतर हलक्या गिलाव्यात खिळा धरत नाही. जड वस्तू टांगायची तर विटेपर्यंत पोचणारा लांब फास्टनर लागतो.

बाहेरून करणं शक्य नसेल, भाड्याचं घर असेल किंवा दर्शनी भिंतीला हात लावायचा नसेल, तर आतून २०-२५ मिलिमीटर लावता येतो. खोली लवकर उबदार होते. पण मागची वीट थंड राहते, आणि कपाट भिंतीला चिकटवलं तर त्याच्या मागं बुरशी येते. तीन-चार बोटांची जागा सोडा.

पर्लाईटची धूळ फुप्फुसांना वाईट, सिमेंट हातांना. बिगाऱ्यांनाही मास्क, चष्मा, हातमोजे द्या, फक्त मिस्त्रींना नाही. थर्माकोलची पोती ताडपत्रीवर, वाऱ्याच्या आडोशाला फोडा. एकदा मणी उडाले की शेजारच्या उसात आणि गटारात जातात, ते कोणी वेचू शकत नाही.

झाल्यावर

काम सुरू व्हायच्या आधी आठवडाभर रोज पहाटे सहाला त्या भिंतीचं आतून तापमान घेऊन वहीत लिहा. जोडीला खोलीचं आणि बाहेरचंही. साधी इन्फ्रारेड गन पुरते. पुढच्या हिवाळ्यात त्याच वेळी परत घ्या. बाहेरचा पारा सारखा असलेले दिवस एकमेकांशी ताडून बघा. आमच्या उत्तरेच्या भिंतीवर फरक एक अंशाच्या आसपास आला, हिशेबात होता तेवढाच. त्या हिवाळ्यात आईनं कॉट परत भिंतीला लावली.

पहिल्या मोठ्या पावसानंतर घराभोवती एक चक्कर मारा. खिडकीचे खालचे कोपरे, छज्जाची मुळं, जोत्याची कड नीट बघा. केसाएवढी भेग दिसली तर लवचीक भराव आणि तोच रंग लगेच लावा, दसऱ्यापर्यंत थांबू नका. त्यासाठी रंगाचा एक छोटा डबा आणि जाळीचा हातभर तुकडा घरात राखून ठेवा. मिश्रणाचं उरलेलं पोतं मात्र ठेवू नका, एका पावसाळ्यात त्याचा गोळा होतो.